जन्माचा देश आणि मुलाखतीचा देश: अमेरिकेच्या कौटुंबिक व्हिसाची प्रतीक्षा मोजताना

अमेरिकेची नागरिक झालेल्या बहिणीने पुण्यातल्या भावासाठी आय-१३० अर्ज, म्हणजे नातेवाइकाला अमेरिकेत कायम वास्तव्यासाठी आणण्याचा पहिला अर्ज, दाखल केला, की त्या प्रकरणात 'देश' हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी वावरू लागतो. एक देश तो, ज्याच्या वाट्यातून या भावाचा व्हिसा वजा केला जाईल. अमेरिकी परराष्ट्र खाते त्याला चार्जेबिलिटी म्हणते. दुसरा देश तो, जिथल्या दूतावासात त्याची मुलाखत होईल. बहुतेक मराठी कुटुंबांत दोन्ही प्रश्नांचे उत्तर भारत असेच येते आणि त्यामुळे हे प्रश्न दोन आहेत हेच लक्षात येत नाही. प्रतीक्षेचा हिशेब ठेवायचा असेल, तर मात्र ते वेगळे ठेवावे लागतात, कारण पहिल्यावरून रांग ठरते आणि दुसऱ्यावरून रांगेच्या शेवटी लागणारा वेळ.

पहिला देश जन्मस्थळावरून ठरतो, पासपोर्टवरून नव्हे. कायद्याने कौटुंबिक प्रवर्गांसाठी वर्षाला किमान २,२६,००० आणि नोकरीच्या प्रवर्गांसाठी किमान १,४०,००० व्हिसा ठेवले आहेत, आणि या दोहोंच्या बेरजेच्या सात टक्क्यांहून, म्हणजे २५,६२० हून, अधिक व्हिसा सर्वसाधारणपणे एका देशाला मिळत नाहीत. ही मर्यादा ज्यांना सर्वाधिक जाचते, त्या चीन, भारत, मेक्सिको आणि फिलिपिन्स यांना व्हिसा बुलेटिनच्या, म्हणजे रांग कुठवर आली हे सांगणाऱ्या परराष्ट्र खात्याच्या मासिक पत्रकाच्या, कौटुंबिक तक्त्यात स्वतंत्र रकाने आहेत. उरलेले सारे जग एकाच रकान्यात बसवलेले आहे. चीनच्या रकान्याचे शीर्षक 'चायना-मेनलँड बॉर्न' असे आहे, म्हणजे मुख्य भूमीवर जन्मलेले. तैवानमध्ये जन्मलेला माणूस त्यात येत नाही. भारताच्या रकान्यावर नुसते 'इंडिया' असते. अर्थ तोच, जन्माचा, परंतु शीर्षक तो सांगत नसल्यामुळे वाचणारा तिथे नकळत नागरिकत्व वाचतो.

याचा परिणाम खराखुरा असतो. आईवडील नोकरीनिमित्त दुबईत राहत असताना तिथे जन्मलेला आणि पुढे पुण्यात वाढलेला भाऊ भारतीय पासपोर्ट बाळगत असला, तरी त्याची गणना संयुक्त अरब अमिरातीत होते आणि त्याने उरलेल्या जगाचा रकाना पाहायचा असतो. उलट, नाशिकमध्ये जन्मून कॅनडाचा नागरिक झालेला माणूस रांगेत भारताचाच राहतो. याला काही सवलती आहेत. पती किंवा पत्नी सोबत स्थलांतर करणार असेल, तर जोडीदाराच्या जन्मदेशाचा आधार घेता येतो. त्यामुळे पुण्यात जन्मलेल्या भावाची पत्नी मस्कतमध्ये जन्मलेली असेल, तर ती बाब वेळीच नोंदवणे शहाणपणाचे ठरते. लहान मुलांना आईवडिलांपैकी कोणाचाही देश घेता येतो, मात्र आईवडिलांना मुलाचा देश घेता येत नाही.

भारतीयांपुरते पाहिले, तर हा सगळा फरक अलीकडच्या बुलेटिनांत मुख्यतः एकाच प्रवर्गात दिसतो: एफ४, म्हणजे अमेरिकी नागरिकांची भावंडे. २०२५ च्या सुरुवातीला या प्रवर्गात भारताची अंतिम कार्यवाहीची तारीख (जिच्या आधी अर्ज दाखल झालेल्यांनाच व्हिसा मिळू शकतो ती) २००६ मधली होती आणि उरलेल्या जगाची २००७ मधली. इतर कौटुंबिक प्रवर्गांत भारताची तारीख उरलेल्या जगाच्या बरोबरीने चालत होती, त्यामुळे तिथे जन्म दुबईचा की पुण्याचा याने काही अडत नव्हते. अमेरिकी नागरिकांचे पती-पत्नी, एकवीस वर्षांखालील अविवाहित मुले आणि आईवडील यांना तर संख्येची मर्यादाच नाही. त्यांनी बुलेटिन पाहून जीव टांगणीला लावण्याचे कारण नाही.

दुसरा देश प्रकरणाच्या क्रमांकात दिसतो, आणि इथला गोंधळ नावांच्या बाबतीत अधिक मजेशीर आहे. नॅशनल व्हिसा सेंटर, म्हणजे मंजूर अर्ज मुलाखतीसाठी तयार करणारे परराष्ट्र खात्याचे केंद्र, देत असलेल्या क्रमांकाची पहिली तीन अक्षरे मुलाखतीच्या ठिकाणाची असतात. मुंबईची अक्षरे आजही बीएमबी आहेत, म्हणजे बॉम्बे. हो ची मिन्ह सिटीची एसजीएन आहेत, म्हणजे सायगॉन. शहरांची नावे बदलली, संकेत राहिले. या अक्षरांचा जन्मदेशाशी संबंध नसतो. दुबईत जन्मलेल्या आपल्या भावाचा क्रमांक बीएमबीनेच सुरू होईल, पण तारीख त्याला उरलेल्या जगाची लागू होईल. ती तारीख आल्यानंतर मुलाखतीसाठी किती थांबावे लागेल, हे मात्र मुंबईच्या कार्यालयातल्या कामाच्या भारावर अवलंबून राहील.

परराष्ट्र खाते दर महिन्याची व्हिसांची आकडेवारीही याच कारणाने दोन तक्त्यांत देते: एक चार्जेबिलिटी किंवा जन्मस्थळानुसार, दुसरा कार्यालयानुसार. भारतात जन्मलेल्या माणसाची मुलाखत अबू धाबीत झाली, तर पहिल्या तक्त्यात तो भारताच्या ओळीत मोजला जाईल आणि दुसऱ्यात अबू धाबीच्या. म्हणून पहिल्या तक्त्यातला भारताचा आकडा घेऊन 'मुंबईचे काम मंदावले' असा निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय पहिल्या तक्त्यात मर्यादेबाहेरचे जवळचे नातेवाईकही असतात, त्यामुळे त्या ओळीची सरसकट बेरीज २५,६२० शी ताडून पाहण्यातही अर्थ नसतो.

अनेक वर्षांचे तक्ते जोडणाऱ्याला आणखी एक अडचण येते. ब्रिटनची ओळ 'ग्रेट ब्रिटन अँड नॉर्दर्न आयर्लंड' या नावाखाली शोधावी लागते, म्यानमारची 'बर्मा' या नावाखाली. स्वाझीलंडचे २०१८ मध्ये एस्वातिनी झाले आणि मॅसेडोनियाचे २०१९ मध्ये नॉर्थ मॅसेडोनिया. वर्णानुक्रमे लावलेल्या यादीत अशी ओळ एकाएकी नाहीशी होऊन भलतीकडेच उगवते. ही निव्वळ नामांतरे आहेत आणि तिथे जुनी ओळ नव्या ओळीला बेधडक जोडावी. दक्षिण सुदानचे तसे नाही. २०११ मध्ये देशच वेगळा झाला, त्यामुळे आधीच्या सुदानच्या ओळीत दोन्ही प्रदेशांत जन्मलेले लोक होते आणि नंतरच्या ओळीत नाहीत. तिथे सुदानचा आकडा घटलेला दिसला, म्हणून कामकाज मंदावले असे म्हणणे चूक ठरेल.

या सगळ्याच्या आधीचा टप्पा, म्हणजे अमेरिकेतल्या नागरिकत्व व स्थलांतर सेवेकडे आय-१३० तपासून होण्याचा, तर देशानुसार दाखवलाच जात नाही. तिथला कालावधी अर्जाचा प्रकार, नाते आणि कार्यालय यांवरून दिला जातो. भावाचा जन्म कुठे झाला हे तिथे विचारून काही हाती लागत नाही.