नाण्यांची शाब्दिक उदाहरणे

नाणी एकूण किती आणि त्यांची रक्कम किती, एवढेच सांगून प्रत्येक प्रकारची नाणी किती हे काढायला लावणारी बीजगणितातील उदाहरणे. ती एकसामयिक रेषीय समीकरणांनी, म्हणजे एकाच वेळी खऱ्या ठरणाऱ्या, वर्ग-घन नसलेल्या समीकरणांच्या जोडीने सोडवतात.

समजा, गल्ल्यात दोन आणि पाच रुपयांची मिळून ५० नाणी आहेत व त्यांचे १६० रुपये होतात. पाचाची नाणी क्ष आणि दोनाची य मानू. तीच नाणी दोनदा मोजायची : एकदा नगाने, एकदा किमतीने.

क्ष + य = ५०
५क्ष + २य = १६०

पहिल्या समीकरणाला २ ने गुणून ते दुसऱ्यातून वजा केले, की य चा लोप होतो. ३क्ष = ६०, म्हणून क्ष = २०, य = ३०. ताळा : १०० + ६० = १६०.

हेच तोंडीही करता येते. सगळी ५० नाणी दोनाचीच धरली तर १०० रुपये होतात, ६० कमी पडतात. दोनाचे एक नाणे काढून पाचाचे ठेवले की ३ रुपये वाढतात, म्हणजे अशी २० नाणी बदलावी लागतील. लोपाच्या पद्धतीत घडते ते नेमके हेच, त्यामुळे मुलांना आधी ही तोंडी रीत दाखवावी.

चूक बहुधा मांडणीतच होते. क्ष ही नाण्यांची संख्या आहे, रुपयांची नव्हे, हे विसरले की क्ष + य = १६० असे लिहिले जाते. पन्नास पैशांचे नाणे असेल तर सगळी रक्कम पैशांत करून घ्यावी. उत्तर पूर्ण संख्येतच यायला हवे : वरच्या गल्ल्यात १६१ रुपये सांगितले, तर ३क्ष = ६१ येईल आणि असा गल्ला असूच शकत नाही.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’च्या सुरुवातीलाच नाण्यांचे कोष्टक आहे : २० वराटकांची (कवड्यांची) एक काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म, १६ द्रम्मांचा निष्क. अनेक अज्ञात राशींची समीकरणे त्यांच्या ‘बीजगणिता’त ‘अनेकवर्णसमीकरण’ या नावाने येतात. तिथे पहिली अज्ञात राशी यावत्तावत्, पुढच्या कालक, नीलक, पीतक अशा रंगांच्या नावांच्या.

नाणी तीन प्रकारची आणि समीकरणे दोनच असली, तर उत्तर एकच राहील असे नाही. एक, दोन व पाच रुपयांची मिळून २० नाणी, रक्कम ५० रुपये : पाचाची नाणी ४, ५, ६ किंवा ७ असू शकतात. पाचाची ७ घेतली, तर दोनाची २ आणि एकाची ११.