पारा उतरला तर धूर

माझ्या भाच्याच्या खाटेवरच्या भिंतीला एक कागद चिकटवलेला होता. लाल स्केचपेननं ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'ध्येय : महाराष्ट्र पोलीस'. खाली तिरंगा, आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढून, 'उद्यापासून रोज पहाटे ५ ला रनिंग'. शेजारी कॅलेंडर. ज्या दिवशी पळाला त्या तारखेला गोल. मी मोजले. दोन महिन्यांत नऊ गोल.

जळगाव जिल्ह्यातल्या सावदा-फैजपूरकडच्या कुठल्याही गावात पहाटे बाहेर पडा, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं रस्त्यावर पळताना दिसतील. १६०० मीटरची धाव हा त्यांच्या बोलण्यातला रोजचा विषय. कोणाचं किती 'बसतं', सेकंदांत. भाच्याचं बसत होतं सात मिनिटं वीस सेकंद. "मामा, इच्छा तर लय आहे, पण होतच नाही," तो म्हणाला. ताई चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "जिद्दच नाही त्याच्यात."

या 'जिद्द नाही' वर मला लिहायचंय. हा निकाल आपण घरोघरी पोरांना देतो, स्वतःलाही देतो, आणि गेल्या साठ वर्षांतलं मानसशास्त्र पाहिलं तर तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. इच्छा पुरेशी असते. कमी पडतं ते दुसरंच काहीतरी.

१९६५ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना धनुर्वाताविषयी पुस्तिका वाचायला दिल्या. काही पुस्तिका साध्या, काही अंगावर काटा आणणाऱ्या. लस घ्यावी हे सगळ्यांना पटावं हा हेतू. भीतीदायक पुस्तिका वाचलेल्यांना ते जास्त पटलं, घेऊ म्हणाले. प्रत्यक्षात गेले किती? शंभरात जेमतेम तीन. भीती जास्त घातली म्हणून फरक पडला नाही.

मग ज्यांना पुस्तिकेसोबत आणखी एक गोष्ट दिली होती त्यांचा आकडा बघा. गोष्ट किती किरकोळ! विद्यापीठाच्या आवाराचा नकाशा, त्यावर दवाखान्याला गोल केलेला, आणि 'तुमचं आठवड्याचं वेळापत्रक बघा, कधी जाता येईल ते ठरवा' एवढी सूचना. शेवटच्या वर्षाच्या पोरांना दवाखाना कुठे आहे हे ठाऊक नसेल असं होणारच नाही. तरीही या गटातले शंभरात सुमारे अठ्ठावीस जण जाऊन लस घेऊन आले. नवी माहिती काहीच नव्हती. फक्त 'घेईन कधीतरी' याला एक वाट आणि एक वेळ मिळाली.

आता याच येलच्या नावानं दुसरी एक गोष्ट आपल्याकडच्या प्रत्येक प्रेरणादायी व्याख्यानात ऐकू येते. १९५३ च्या तुकडीतल्या तीन टक्के विद्यार्थ्यांनी म्हणे आपलं ध्येय कागदावर लिहून ठेवलं होतं, आणि वीस वर्षांनी त्या तीन टक्क्यांची संपत्ती उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांपेक्षा जास्त भरली. असा अभ्यास कधी झालाच नाही. शोधणाऱ्यांनी शोधलं, विद्यापीठाकडे त्याचा मागमूस नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं. न झालेला प्रयोग गावोगावच्या पोरांपर्यंत पोहोचला आणि झालेला वाटेतच राहिला. भाच्याच्या भिंतीवरचा तो लाल कागदही बहुधा अशाच एखाद्या भाषणातून आलेला.

नकाशाच्या त्या युक्तीमागचं सूत्र पुढे जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी नीट उकललं. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. 'मला अमुक साधायचंय' हा एक संकल्प. 'अमुक क्षण आला, की मी अमुक करीन' हा दुसरा, आणि तो पहिल्यापेक्षा अगदी वेगळ्या तऱ्हेनं काम करतो. याला आपण जर-तरची योजना म्हणू. १९९७ च्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीतलं एक काम सांगितलं : नाताळची आदली संध्याकाळ कशी घालवली ते अठ्ठेचाळीस तासांच्या आत लिहून पाठवायचं. ज्यांनी कुठे बसून आणि कधी लिहिणार हे आधी ठरवून घेतलं होतं, त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी ते पाठवलं. बाकीच्यांत एक-तृतीयांश.

भाच्याला मी सांगितला तो मात्र २००२ चा ब्रिटनमधला प्रयोग, कारण तो व्यायामाचाच होता. २४८ विद्यार्थी, तीन गट. आठवड्यातून निदान एकदा वीस मिनिटं घाम निघेल असा व्यायाम करायचा. पहिल्या गटाला काही विशेष सांगितलं नाही. त्यातल्या ३८ टक्क्यांनी व्यायाम केला. दुसऱ्या गटाला व्यायाम न केल्यानं हृदयाचं काय होतं हे पोटतिडकीनं समजावून सांगितलं. ३५ टक्के. तिसऱ्या गटाला तेच सांगितलं आणि वर कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे हे एका वाक्यात लिहायला लावलं. ९१ टक्के. मधला आकडा दोनदा वाचावा असा आहे. नुसत्या समजावण्यानं इच्छा वाढली, पावलं वाढली नाहीत.

हे असं का होतं? एक म्हणजे, आधी ठरवून ठेवलेली खूण मेंदूत जागी राहते. बसस्टँडच्या गोंगाटात आपलं नाव कोणी घेतलं तर जसं चटकन ऐकू येतं, तसा तो क्षण गर्दीतूनही नजरेला पडतो. दुसरं म्हणजे, खूण दिसली की कृती विचाराविना सुरू होते, बरीचशी सवयीसारखी. करू की नको हा खल आदल्या रात्रीच होऊन गेलेला असतो. पहाटे पाचला, पांघरुणातल्या उबेत, माणसाला निर्णय घ्यायला लावणं हाच मुळात अन्याय आहे.

मला हे पहिल्यांदा वाचताना आमचे आबा आठवले. आबांनी आयुष्यभर केळी केली, पण 'यंदा केळी चांगली करायची' असं त्यांनी कधी कुठे लिहिलं नाही. त्यांच्या डोक्यात सगळ्या खुणा होत्या. खोडाशेजारी पिल्लू डोकावलं, की विळ्यानं कापायचं. निसवण झाली, म्हणजे खोडातून घड बाहेर पडला, आणि घडाची शेवटची फणी उकलली, की केळफूल मोडायचं. तारीख बघून नाही, झाड बघून. आणि सगळ्यात पक्कं ठरलेलं होतं ते थंडीचं. खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण पौष-माघातल्या एखाद्या रात्री तो दहाच्या खाली उतरला, की केळीची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, निसवायला आलेला घड खोडातच अडकतो. गोठ्याच्या खांबाला आबांनी एक तापमापक टांगला होता. पारा दहाखाली गेला तर रात्रीच बागेला पाणी, आणि पहाटे बांधावर धूर. धुरासाठी वाळलेली पानं आणि ओला काडीकचरा यांचे ढीग डिसेंबरातच बांधाबांधावर लावून ठेवलेले. रात्री तीनला आबा उठायचे, बॅटरीचा झोत तापमापकावर टाकायचे, आणि एक शब्द न बोलता मोटारीकडे चालू लागायचे. त्या वेळी 'आज जाऊ का?' हा प्रश्न त्यांना पडल्याचं मी कधी पाहिलं नाही.

तेव्हा मी भाच्याशेजारी बसलो आणि विचारलं, पहाटे पाचला नेमकं काय होतं? पहिल्यांदा 'काही नाही, आळस' म्हणाला. मग हळूहळू निघालं. मोबाईल उशाखाली असतो, गजर वाजला की हात आपोआप जातो. आणि चौकात कुत्री असतात. तीन-चार, अंगावर येतात. हे त्यानं घरात कोणाला सांगितलं नव्हतं. पोलीस व्हायला निघालेला पोरगा कुत्र्यांना भितो असं कोण म्हणवून घेईल?

अडथळ्याचा हा प्रश्न मी उगाच विचारला नव्हता. गॅब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर स्वप्नरंजनाचाच अभ्यास केलाय. १९९१ च्या त्यांच्या अभ्यासात वजन कमी करू पाहणाऱ्या २५ स्त्रिया होत्या. आपण बारीक झालोय अशी गोड चित्रं ज्या सर्वांत जास्त रंगवत होत्या, त्यांचं वजन वर्षभरात इतरांपेक्षा सुमारे ११ किलोनं कमी घटलं. जमेल असा भरवसा असणं वेगळं, त्याचा फायदाच झाला. पण जमल्याचं चित्र डोळ्यांपुढे आणून त्यात रमणं नडलं. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं, की अशा रम्य कल्पनेनंतर रक्तदाब किंचित खाली येतो. शरीराला वाटतं, झालं काम, आता टेका. ओटिंगेन यांचा उपाय सोपा आहे : स्वप्न बघा, पण लगेच त्याच्या आड काय येतंय ते शोधा, आणि त्या अडथळ्यालाच जर-तर लावा. खाकी वर्दीतला स्वतःचा फोटो ॲपवर तयार करून स्टेटसला ठेवणाऱ्या आपल्या पोरांना हे कोणीतरी मायेनं सांगायला हवं.

मग आम्ही वाक्यं लिहिली. खूण कोणती घ्यायची यावर बराच वेळ गेला. गजर नको, कारण तो बंद करता येतो. पहाटे त्याचे बाबा म्हशी पिळायला गोठ्याचं फाटक उघडतात, ते जोरात कुरकुरतं, रोज, न चुकता. म्हणून पहिलं वाक्य, 'गोठ्याचं फाटक वाजलं, की पाय खाली आणि बूट पायात.' बूट रात्रीच खाटेपाशी. दुसरं, 'चौकात कुत्री दिसली, तर शाळेच्या मैदानाकडे वळायचं.' तिसरं, 'पाऊस असला, तर ओट्यावर जागच्या जागी वीस मिनिटं.' त्याला अजून लिहायचं होतं, अभ्यासाचं, दंडबैठकांचं, इंग्रजीचं. मी थांबवलं. एकाच वेळी अनेक ध्येयांच्या योजना आखल्या, की त्यांचा हा गुण विरतो. सगळंच अवघड दिसू लागतं आणि कशावरच मन ठरत नाही.

वेळेचा अंदाजही बदलावा लागला. त्यानं लिहिलं होतं, 'आखाजीपर्यंत ५ मिनिटं.' आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलं होतं, की स्वतःच्या कामाला लागणारा वेळ माणूस हटकून कमी धरतो. १९९४ च्या एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी अंदाज ३४ दिवसांचा. लागले ५५. सगळं वाईटच घडलं तर किती, यावर त्यांचं उत्तर ४९ च्या आसपास होतं, म्हणजे वाईटात वाईट अंदाजही कमीच पडला. यावर एक उपाय चालतो : स्वतःच्या उत्साहाला न विचारता, जे त्या वाटेनं गेलेत त्यांना विचारायचं. टिश्यूकल्चरची रोपं लावली तरी बाग कापणीला यायला अकरा-बारा महिने लागतात. माझी आठ महिन्यांत येईल असं कोणी शेतकरी म्हणत नाही, कारण शेजारची बाग त्याच्या डोळ्यांसमोर असते. भाचा गावातल्या भरती झालेल्या दोघांना जाऊन भेटला आणि आखाजी खोडून दिवाळी लिहिली.

आखाजीचं नाव निघालंच आहे म्हणून : आपल्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नवं सुरू होतं, त्याला शास्त्राचा दुजोरा आहे. आठवड्याची, महिन्याची, वर्षाची सुरुवात आली की माणसं व्यायामशाळेकडे जास्त वळतात, हे २०१४ च्या एका अभ्यासात दिसलंय. मुहूर्त जरूर धरावा. पण तो ढकलून देतो, पुढे नेत नाही.

पुढे नेते सवय, आणि तिला २१ दिवस लागतात या म्हणण्याला आधार नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांची सवय जडताना बारा आठवडे पाहिली. मधला आकडा ६६ दिवसांचा आला, पण कोणाला १८ पुरले तर कोणाला २५४ लागतील असं दिसलं. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही, हेही त्यात निघालं. माझ्या मते त्या सगळ्या अभ्यासातली हीच सर्वांत मोलाची ओळ आहे. कितीजण एक दिवस खाडा पडला म्हणून सगळंच सोडून देतात! कॅलेंडरवरचे गोल मात्र भाच्यानं चालू ठेवावेत असं मी सांगितलं. १३८ प्रयोगांचा एकत्र आढावा २०१६ मध्ये घेतला गेला, त्यात प्रगतीची नोंद ठेवणारे जास्त पुढे गेलेले दिसले, आणि नोंद लिहून ठेवली किंवा चारचौघांना दिसेल अशी ठेवली तर आणखी.

हे सगळं जादू नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकेत एका कंपनीतल्या कर्मचाऱ्यांना फ्लूची लस घ्यायची तारीख आणि वेळ पत्रावर लिहायला लावली, तेव्हा लस घेणारे ३३ टक्क्यांवरून ३७ वर गेले, इतकेच. आणि ध्येय मनापासूनचं नसेल तर जर-तर काही करत नाही. कोणाच्या तरी धाकानं घेतलेल्या संकल्पाला वेळ-जागा बांधून उपयोग नसतो. म्हणून उठता उठता मी भाच्याला विचारलं, पोलीस व्हायचंय कोणाला, तुला की बाबांना?

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "माझंच आहे मामा. बाबांना तर मी बागेतच हवाय."

परवा ताईकडे मुक्कामाला होतो. ओसरीत झोपलेलो. अजून अंधार होता, आणि गोठ्याचं फाटक कुरकुरलं. आतल्या खोलीत खाट वाजली, फरशीवर बूट आपटले. तो माझ्या पायांशी वाकून न थांबता बाहेर पडला. थोड्या वेळानं चौकातली कुत्री भुंकायला लागली. मी कान देऊन पडून राहिलो. पावलं थांबली नाहीत, फक्त त्यांची दिशा बदलली, आणि मग शाळेच्या बाजूनं ऐकू यायला लागली.