गल्लीत जेसीबी की मिनी पोकलेन?

आपल्याकडे पिवळं आणि खोदणारं काहीही दिसलं की ते जेसीबी, आणि चेनवर चालणारं असलं की पोकलेन. दोन्ही मुळात कंपन्यांची नावं. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज कारखानदाराच्या आद्याक्षरांचं झालं जेसीबी. पोक्लेन ही फ्रान्समधली कंपनी. एरवी नावं अशी सैल वापरल्याने काही बिघडत नाही. पण जुन्या वाड्याच्या बोळात चर खणायचा असतो आणि फोनवर नुसतं ‘एक मशीन पाठवा’ सांगितलं जातं, तेव्हा अख्खा दिवस वाया जातो.

माझ्या एका साइटवर तसंच झालं. इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये 9 फुटांची पट्टी. तिथे ड्रेनेजच्या पाइपसाठी 40 फूट लांब, 2 फूट रुंद आणि 3 फूट खोल चर हवा होता. जेसीबीची रुंदी साधारण सव्वादोन मीटर, म्हणजे साडेसात फुटांच्या आत. गेटमधून ते आरामात गेलं, आणि खरी अडचण तिथूनच सुरू झाली.

जेसीबीत खोदणारा हात मागे असतो. मशीन उलटं आत न्यायचं, जॅक टेकवायचे आणि मागे खोदायचं. हात डावी-उजवीकडे वळतो, पण मशीन जागचं हलत नाही. म्हणजे निघालेली माती कडेलाच पडणार, आणि आमच्याकडे कडेला होती भिंत. माती भरून न्यायची मोठी बकेट मशीनच्या दुसऱ्या टोकाला, रस्त्याकडे तोंड करून. तिने माती उचलायची तर जवळपास 6 मीटर लांबीचं मशीन फिरवावं लागतं. 9 फुटांत ते फिरणार कसं? शेवटी घमेल्यांनी माती काढायची वेळ आली.

मिनी पोकलेनची रचनाच वेगळी. खालच्या चेन जागेवर राहतात. वरची केबिन, इंजिन आणि हात असं सगळं मिळून गोल फिरतं. पुढे खोदायचं, अर्धा वळसा घ्यायचा आणि मागे उभ्या ट्रॉलीत माती टाकायची. 1.7 टन वर्गातल्या काही मशीनच्या चेन आत ओढल्या की रुंदी मीटरभरच उरते. काम सुरू करताना चेन पुन्हा बाहेर पसरायच्या, म्हणजे मशीन डुगडुगत नाही. बूम, म्हणजे हाताचा मशीनला जोडलेला मोठा दांडा, मुळापाशी बाजूला वळते, त्यामुळे मशीन भिंतीला समांतर उभं करून भिंतीच्या अगदी पायथ्याशी खोदता येतं.

इथे आणखी एक घोळ होतो. मिनी म्हटलं की मागची बाजू आपोआप आखूड असेल असं लोक धरून चालतात. साध्या मिनीत मागचं वजन चेनच्या बाहेर येतं आणि फिरताना भिंतीला घासतं. मागे मजूर उभा असेल तर तो मशीन आणि भिंत यांच्यामध्ये चिरडला जाऊ शकतो. या एका गोष्टीवर मी साइटवर कधीच तडजोड करत नाही: मशीन चालू असताना त्याच्या घेऱ्यात कोणीही नको. ‘झिरो टेल’ प्रकारात मागचा भाग चेनच्या रुंदीतच फिरतो. जपानच्या यानमार कंपनीने अशी मशीन 1993 मध्ये बाजारात आणली. अरुंद जागेसाठी मागायची ती हीच. तरीही दुमडलेला हात केंद्रापासून दीडेक मीटर पुढे राहतो, म्हणून ज्या बाजूने वळायचं ती बाजू मोकळी लागतेच.

पुण्याच्या पेठांत वजनाचाही विचार करावा लागतो. मातीच्या जुन्या भिंती, उथळ पाये, आणि काही भागांत कात्रजहून पाणी आणणारा, जमिनीखालून गेलेला पेशवेकालीन नळ. साडेसात-आठ टनांचं टायरचं मशीन चराच्या काठाशी आलं तर कड ढासळू शकते. रबरी चेनवरच्या दोन टनांचा भार पसरून पडतो. मशीन कोणतंही असो, आधी हाताने एक-दोन खड्डे घेऊन केबल आणि पाण्याची लाइन शोधावी. चर दीड मीटरपेक्षा खोल जाणार असेल तर बाजूंना आधार दिल्याशिवाय आत माणूस उतरवू नये.

मोकळा प्लॉट असेल तर मात्र मी डोळे झाकून जेसीबी बोलावीन. ते स्वतः रस्त्यावरून येतं, चार मीटरपेक्षा खोल सहज पोचतं आणि मातीही भरतं. 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट. जेसीबीच्या पुढच्या बकेटीच्या तीनेक खेपा. दीड-दोन टनी मिनीची बकेट सुमारे 0.04 घनमीटरची, म्हणजे तेवढ्याच मातीला 70 बकेटी. मिनीच्या पुढचं पातं बघून ‘हिलाही लोडर आहे’ असं समजू नका. ते पातं चर बुजवायला, जमीन सपाट करायला आणि मशीनला टेकू द्यायला असतं. शिवाय मिनी गाडीवर चढवून आणावी लागते, म्हणून गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करून मशीन उतरवण्याइतकी जागा आधी बघावी.

आमच्या साइटवर दुसऱ्या दिवशी झिरो टेल मिनी आली. फोनवर या वेळी चारच गोष्टी सांगितल्या होत्या: सर्वांत अरुंद जागी किती फूट, चर किती खोल, माती कुठे टाकायची, गाडी कुठे थांबेल. दुपारच्या जेवणाआधी चर तयार होता.