अ‍ॅडमिशन मिळणं वेगळं, सामावून घेणं वेगळं

"मेडिकलला आता सगळ्या थरातली मुलं येतात की, मग अजून समावेश समावेश काय लावलंय?" हा प्रश्न मला इतक्यांदा ऐकावा लागलाय की एकदा नीट लिहूनच काढते. विविधता आणि समावेश हे दोन शब्द आपण एका दमात म्हणतो आणि पहिलं झालं की दुसरं आपोआप होतं असं धरून चालतो. तसं होत नाही, मी आतून बघितलंय.

विविधता मोजता येते. आपल्या राज्याच्या कोट्यात एससी 13 टक्के, एसटी 7 टक्के, ऑल इंडिया कोट्यात 2021 पासून ओबीसी 27 आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल गट) 10, दिव्यांगांसाठी 2016 च्या कायद्याने 3 चे 5 टक्के झाले. कॅप राउंडची (सरकारी प्रवेश फेरीची) यादी लागली की कोण आत आलं ते कळतं, आणि हे आकडे लढून मिळालेत, त्यांना कमी लेखायचं अजिबात नाहीये. पण आत आलेल्या मुलीला कोणी शेजारी बसवलं का, लेबर रूममध्ये तिच्या हातात केस दिली का की फक्त फॉर्म भरायला लावले, हे त्या यादीत नसतं.

आमच्या हॉस्टेलला पहिल्या आठवड्यात सिनिअर्स विचारायच्या, "रँक किती?" वरवर साधा प्रश्न. पण रँक सांगितली की कॅटेगरी कळते आणि मग मेसमध्ये कोण कुठल्या टेबलावर बसणार ते न बोलता ठरत जातं. माझी रूममेट म्हणायची, "लक्षात नाही". दोन वर्षं रिपीट करून मिळवलेली रँक कोणी विसरतं का? पाच वर्षं ती तेच उत्तर देत राहिली आणि मला त्याचा अर्थ कळायला तिसरं वर्ष उजाडलं, याचं आजही वाईट वाटतं.

आणि हे एका हॉस्टेलपुरतं नाही. दिल्लीच्या एम्समध्ये एससी-एसटी मुलांना वेगळी वागणूक मिळते या तक्रारीवरून 2006 साली समिती नेमली होती, अध्यक्ष सुखदेव थोरात, आपल्या अमरावती जिल्ह्यातले. 2007 मध्ये अहवाल आला, त्यात होतं की ही मुलं हॉस्टेलच्या ठराविक मजल्यांवर गोळा झालीत कारण आधीच्या ठिकाणी त्यांना नकोसं केलं जायचं, शिवाय शिक्षकांच्या वागण्यातल्या फरकाबद्दलही बऱ्याच जणांनी सांगितलं. म्हणजे जागा भरल्या होत्या आणि त्याच बिल्डिंगमध्ये वेगळी वस्तीही झाली होती. मे 2019 मध्ये जळगावकडच्या, तडवी भिल्ल समाजातल्या डॉ. पायल तडवी यांनी मुंबईत गायनॅकचं पीजी करताना आत्महत्या केली. सिनिअर्सनी जातीवरून छळ केल्याचा घरच्यांचा आरोप आहे आणि खटला कोर्टात आहे. त्यांची आई आबेदा तडवी त्याच वर्षी हैदराबाद विद्यापीठात आत्महत्या केलेल्या रोहित वेमुलाच्या आईसोबत सुप्रीम कोर्टात गेली. मागणी काय होती तर कॉलेजांमधला जातीभेद थांबवायला असलेले नियम खरोखर पाळले जावेत. अ‍ॅडमिशनची यादी बघणाऱ्याला पायल फक्त "भरलेली सीट" दिसली असती.

दिव्यांग मुलांच्या बाबतीत तर अजून दारातच अडतंय. एमबीबीएसला "दोन्ही हात शाबूत" हवेत अशी अट होती, फेब्रुवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर कडक ताशेरे ओढले, उमेदवार काय करू शकतो ते तपासा म्हणून सांगितलं. मोठी गोष्ट आहे. पण हीसुद्धा प्रवेशाचीच बाजू, आत गेल्यावर प्रॅक्टिकलची टेबलं कुठल्या उंचीची, ऑपरेशन थिएटरपर्यंतची लिफ्ट चालू असते का, हे ज्या त्या कॉलेजने बघायचं असतं.

मग समावेश दिसतो कसा? आमच्या बॅचला एक मुलगा होता, बारावीपर्यंत मराठी मीडियम. अ‍ॅनाटॉमीच्या व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, ब्रेकियल प्लेक्सस (मानेतून हातात जाणाऱ्या नसांचं जाळं) विचारला, तो गप्प, घाम पुसतोय. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम म्हणाल्या, "बाळा, मराठीत सांग." त्याने पेन घेतलं, कागदावर रूट, ट्रंक, डिव्हिजन सगळं काढलं आणि कुठली नस तुटली की हात कसा लटकतो ते गावच्या भाषेत सांगितलं, एकही चूक नाही. परीक्षेची पातळी कुठे खाली आली? विचारायची पद्धत तेवढी बदलली.

याचं माझ्या मते सगळ्यात सुंदर उदाहरण गडचिरोलीत आहे, अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेचं. लहान मुलांचा न्यूमोनिया गावातच ओळखायचा तर मिनिटाला श्वास मोजावे लागतात, आणि गावातल्या दायांना जेमतेम दहा-बारापर्यंत मोजता यायचं. कुठल्याही ट्रेनिंग सेंटरने सांगितलं असतं, बाई, तुम्हाला हे जमणार नाही. इथे उलट केलं, त्यांना जमेल असं साधन बनवलं, एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली की न्यूमोनिया. पुढे तिथल्याच कमी शिकलेल्या बायका आरोग्यदूत म्हणून घरोघरी नवजात बाळं तपासायला लागल्या, गरज पडली तर इंजेक्शनसुद्धा त्याच द्यायच्या. 39 गावांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले आणि 1999 मध्ये ते लॅन्सेट या मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. आज आशाताई जन्मानंतर घरी येऊन बाळाला तपासतात, वजन करतात, ती पद्धत इथूनच देशभर गेली.