श्रवणनोंद

अभिजात संगीताचा रसिक आपण सध्या कोणते ध्वनिमुद्रण ऐकतो आहोत हे इतर रसिकांना कळवतो, त्या रीतीला रूढ असे नाव नाही. येथे सोयीसाठी ‘श्रवणनोंद’ हा शब्द वापरला आहे. नोंद तोंडी असो, पत्रातली असो की फोनवर चार ओळींत पाठवलेली असो, तिचा सांगाडा सहसा एकच असतो: रचना, कलाकार, साल, कंपनी, आणि सुचलेच तर एखादे मत. ‘आज बेथोव्हेन ऐकला’ ही श्रवणनोंद होत नाही. ‘पाचवी सिंफनी, कार्लोस क्लायबर, व्हिएन्ना फिलहार्मोनिक, १९७४’ ही होते. पहिल्या वाक्यावर समोरचा मान डोलावतो. दुसऱ्यावर तो वाद घालायला बसतो.

पाश्चात्त्य अभिजात संगीतात स्वरलिपी ठरलेली असते, त्यामुळे एकाच रचनेची शेकडो ध्वनिमुद्रणे उपलब्ध असतात. काय ऐकले यापेक्षा कोणाचे ऐकले याला तिथे वजन येते. हिंदुस्थानी संगीतात बंदिश तीच असली तरी विस्तार दर मैफलीत नवा होतो. तिथे कोणाचे एवढे सांगून भागत नाही. कोणत्या दिवशीचे, साथीला कोण, मुखडा कोणता, हेही सांगावे लागते. ‘अमीर खाँचा मारवा’ म्हटले की जाणकार लगेच विचारतो, दरबारी रागाबरोबरच्या एलपीतला (एलपी म्हणजे लांब वेळ वाजणारी तबकडी) की एखाद्या मैफलीतला?

या सवयीचा उगम मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीत आहे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटे मावत, बारा इंचीला चार-साडेचार. सिंफनी ही वाद्यवृंदाची लांबलचक रचना, म्हणजे तबकड्यांचा गठ्ठा. तो एकट्याने विकत घेणे जड, म्हणून ऐकणे आपोआपच चारचौघांत होई. ‘ग्रामोफोन’ हे ब्रिटिश मासिक १९२३ मध्ये कॉम्प्टन मॅकेन्झी यांनी सुरू केले, आणि कोणती तबकडी घ्यावी ही चर्चा छापील झाली. पुढच्या दशकात तर ऐकणाऱ्यांनी आधी पैसे भरायचे आणि मग मुद्रण करायचे असा प्रकार निघाला. आर्तुर श्नाबेल यांनी १९३२ ते १९३५ या काळात मुद्रित केलेला बेथोव्हेनच्या बत्तीस पियानो सोनाटांचा पहिला पूर्ण संच अशाच वर्गणीदारांच्या जोरावर बाहेर आला. १९४२ पासून बीबीसीवर पाहुण्यांना निर्जन बेटावर कोणत्या आठ तबकड्या न्याल असे विचारले जाऊ लागले. श्रवणनोंदीचे हे सर्वांत लोकप्रिय रूप म्हणता येईल, जरी त्यात प्रत्यक्ष ऐकण्यापेक्षा मिरवणे अधिक असते. १९४८ मध्ये एलपी आली, १९८२ मध्ये सीडी. माध्यम बदलले तरी नोंदीचा सांगाडा फारसा हलला नाही.

सांगाड्यातला प्रत्येक तपशील काहीतरी काम करतो. एक नमुना पाहू: ‘शूबर्ट, सोनाटा डी ९६०, रिख्तर, प्राग, १९७२. पहिला भाग जवळपास २५ मिनिटे.’ ‘डी’ म्हणजे ऑटो डॉइच यांनी लावलेला सूचीक्रमांक; शूबर्टच्या डझनावारी सोनाटांपैकी नेमकी कोणती हे त्याने पक्के होते. ‘प्राग’ एवढ्यासाठी, की पियानोवादक रिख्तर हीच सोनाटा अनेक ठिकाणी वाजवत आणि त्यांतली कित्येक मुद्रणे उपलब्ध आहेत. आणि मिनिटांचा उल्लेख हा खरा इशारा आहे, कारण हाच भाग इतर काही वादक चौदा-पंधरा मिनिटांत आटोपतात. अर्थात मिनिटे पाहून गतीचा निष्कर्ष काढणे ही नवशिक्याची चूक. चौदा मिनिटे घेणाऱ्याने सुरुवातीच्या खंडाची पुनरावृत्ती गाळलेली असते. रिख्तर ती घेतात, आणि शिवाय संथही वाजवतात. बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सचेही तेच. ग्लेन गूल्ड यांचे १९५५ चे मुद्रण सुमारे ३८ मिनिटांचे, १९८१ चे सुमारे ५१ मिनिटांचे. फरक मोठा दिसतो, पण दुसऱ्या वेळी त्यांनी काही पुनरावृत्त्या घेतल्या होत्या हे त्यात धरले पाहिजे. म्हणूनच नुसते ‘गूल्डचे गोल्डबर्ग’ लिहिणाऱ्याला पहिला प्रश्न येतो तो सालाचा.

क्रमांकांचे घोळ वेगळेच. द्व्होर्झाकची ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनी आज नववी म्हणून ओळखली जाते. जुन्या तबकड्यांवर ती पाचवी आहे. ब्रुकनरच्या आठव्या सिंफनीचे १८८७ आणि १८९० असे दोन पाठ आहेत, आणि त्यावर हास व नोवाक यांच्या संपादित आवृत्त्या. ब्रुकनरप्रेमी आवृत्ती न लिहिलेली नोंद अपुरी मानतात, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

सालातही फसगत होते. कव्हरवर छापलेले साल पुष्कळदा प्रकाशनाचे असते, मुद्रणाचे नव्हे. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत ‘७८’ हा आकडाच मुळात उशिरा स्थिरावला. आरंभीच्या तबकड्या त्याहून कमी-अधिक वेगाने मुद्रित होत. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली की पट्टी जवळजवळ अर्ध्या सुराने चढते आणि गायकाचा आवाज बारीक होतो. एखाद्या जुन्या गायकाची तान ‘अचाट द्रुत’ वाटली, तर श्रेय गळ्याचे की यंत्राचे हे आधी तपासावे. जाणकार श्रोते म्हणूनच कोणत्या प्रतीवरून, कोणत्या वेगाने ऐकले तेही लिहितात.

एकच प्रयोग दोन रूपांत बाहेर आला तर काय होते, याचे उदाहरण म्हणजे वाद्यवृंदसंचालक विल्हेल्म फुर्टवेंग्लर यांनी २९ जुलै १९५१ रोजी जर्मनीत बायरॉइटला सादर केलेली बेथोव्हेनची नववी सिंफनी. ईएमआय कंपनीची प्रत कित्येक दशके आदर्श मानली गेली. पुढे बव्हेरियन रेडिओची टेप ‘ऑर्फेओ’ या कंपनीने प्रकाशित केली, आणि दोन्ही तंतोतंत जुळत नाहीत असे दिसले. खरा प्रयोग कोणता आणि तालमीतला भाग कोणत्या प्रतीत, यावर श्रोते अजून भांडतात. तेव्हापासून ‘बायरॉइट ५१’ एवढे लिहून चालत नाही. ईएमआय की ऑर्फेओ, तेही लिहावे लागते.

कानसेन म्हणवणाऱ्यांची मान खाली जावी असा प्रसंग २००७ चा. ब्रिटिश पियानोवादक जॉइस हॅटो यांच्या नावावर त्यांच्या पतीच्या कंपनीने शंभराहून अधिक सीडी काढल्या होत्या. रसिकांनी एकमेकांना त्या आवर्जून सुचवल्या, समीक्षकांनीही उचलून धरल्या. त्या फेब्रुवारीत एका श्रोत्याने लिस्टच्या एत्यूदांची (पियानोच्या अभ्यासरचनांची) त्यांची सीडी संगणकात घातली, तर पडद्यावर नाव आले लाझ्लो सिमोन यांचे. सीडीतल्या भागांच्या लांबीवरून नाव शोधणाऱ्या सूचीने ते दिले होते. मग ध्वनीच्या आलेखांची तुलना झाली, इतरांची मुद्रणे हॅटो यांच्या नावाने, काही ठिकाणी वेग बदलून, विकली गेल्याचे उघड झाले, आणि पतीने कबुली दिली. हॅटो त्याआधीच, २००६ मध्ये, वारल्या होत्या. कानांनी वर्षानुवर्षे न पकडलेली गोष्ट मिनिटे-सेकंदांच्या रुक्ष यादीने पकडली. नोंदीत वेळ कशाला लिहायची असे विचारणाऱ्याला हे उदाहरण हमखास ऐकवले जाते.

नोंदीतले मत मात्र बहुधा त्रोटकच असते आणि तसेच शोभते. ‘दुसरा भाग पुन्हा लावला’ हे वाक्य परिच्छेदभर विशेषणांपेक्षा जास्त सांगते. काही जण नुसते कव्हरचे छायाचित्र पाठवतात. ते देखणे असते, पण त्यातून साल आणि साथीदार कळतीलच असे नाही.

हिंदुस्थानी संगीताच्या नोंदींत साथीदारांचा प्रश्न सर्वांत अवघड. जुन्या तबकड्यांच्या लेबलवर तबलजी किंवा सारंगिये यांची नावे सहसा नसत. गायकाचे नाव तरी खुद्द तबकडीतच ऐकू येई: १९०२ पासूनच्या आरंभीच्या मुद्रणांत गौहर जान शेवटी ‘माय नेम इज गौहर जान’ असे इंग्रजीत सांगत, जेणेकरून दूर जर्मनीत तबकडी छापणाऱ्याला ती कोणाची हे कळावे. खासगी मैफलींच्या टेपांवर तेवढीही सोय नाही. कोपऱ्यात पेन्सिलीने ‘यमन, मग अडाणा’ इतकेच. अशा वेळी नोंद म्हणजे विचारणाच असते: विलंबितात ठेका धरणारा हात कोणाचा वाटतो, मागे स्वर भरणारा शिष्य कोण? एक जण तबला ओळखतो, दुसऱ्याला तो शिष्य गुरूकडे केव्हा होता हे ठाऊक असते, आणि टेपेवरच्या रिकाम्या जागी पाच-सात वर्षांच्या अंतराने का होईना, एक साल लिहिता येते.