बागेत रुजलं, वर्गात अडलं

ऑक्टोबर छाटणीनंतरचे दीड-दोन महिने नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला नीट झोप लागत नाही. वेलीला कोवळी फूट आलेली असते, पहाटे दव पडतं, मध्येच अवकाळी सर येते आणि डाऊनी या रोगाची धास्ती सुरू होते. पूर्वी फवारणीचा निर्णय आभाळाकडे बघून, शेजारच्या बागेत डोकावून किंवा औषधाच्या दुकानदाराला विचारून व्हायचा. आता अनेक बागांच्या कडेला एक खांब दिसतो. त्यावर छोटं सौर पॅनेल, पर्जन्यमापक, तापमान आणि आर्द्रता मोजणारी उपकरणं असतात. वेलीच्या उंचीवर पानाच्या आकाराची एक पातळ पट्टीही बसवलेली असते. बागेतलं पान किती तास ओलं राहिलं, हे ती पट्टी सांगते.

या सगळ्या यंत्रणेतली मला सर्वांत देखणी वाटणारी गोष्ट म्हणजे ही पट्टी. तिच्यावर धातूच्या बारीक रेषा छापलेल्या असतात. विद्युतभार साठवायला मदत करण्याचा पाण्याचा गुण हवेच्या जवळपास ८० पट असतो. त्यामुळे दवाचा पातळसा थर बसला, तरी त्या रेषांमधली विद्युतधारिता (भार साठवण्याची क्षमता) बदलते आणि यंत्राला ते लगेच कळतं. आता याचा डाऊनीशी संबंध काय? डाऊनीचा रोगकारक, प्लाझ्मोपारा व्हिटिकोला, दिसतो बुरशीसारखा, पण कुळाने खऱ्या बुरशीपेक्षा शैवालांच्या जवळचा आहे. त्याचे बीजाणू शेपटीसारख्या तंतूंच्या मदतीने पाण्यात पोहतात आणि पानाच्या रंध्रांतून आत शिरतात. पोहायला पाणी नसेल तर त्यांचं काही चालत नाही. म्हणून तापमान, पाऊस आणि पान ओलं राहण्याचे तास हे आकडे एकत्र केले, की आज रात्री संसर्गाची शक्यता किती याचं गणित मांडता येतं. युरोपातल्या द्राक्षपट्ट्यांत यासाठी जुना ठोकताळा आहे: तापमान १० अंशांच्या वर, फूट १० सेंटिमीटर लांब आणि एक-दोन दिवसांत १० मिलिमीटर पाऊस, की पहिल्या संसर्गाला तयार राहायचं. मोबाईलवर इशारा देणारी आजची प्रारूपं त्याच विचाराने चालतात, फक्त त्यांच्याकडे त्या बागेतलेच आकडे असतात.

शेतकऱ्याच्या हातात शेवटी एवढाच निरोप येतो, की धोका आहे किंवा नाही. त्यातलं ‘नाही’ अधिक मोलाचं. एक फवारणी टळली की औषध, डिझेल आणि मजुरी वाचते, शिवाय मण्यात उरणारा औषधाचा अंशही कमी होतो. युरोपीय संघात एखाद्या कीडनाशकासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नसेल, तर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची सरसकट मर्यादा लागते, म्हणजे १० कोटी भागांत १ भाग. इतकं काटेकोर काम वहीवर निभत नाही. निर्यातीच्या द्राक्षांसाठी अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल-निर्यात संस्थेने उभी केलेली ‘ग्रेपनेट’ ही नोंदव्यवस्था नोंदणीकृत प्लॉट, प्रयोगशाळेचा अंशतपासणी अहवाल आणि पॅकहाऊस यांना एका साखळीत बांधते. गावोगाव स्मार्टफोन पोचण्याच्या आधीपासून नाशिकचे बागायतदार तिच्यात आहेत.

बागायतदार यंत्राला माहिती देतो, यंत्र त्याला त्याच्याच कामाचं उत्तर देतं, आणि ते उत्तर खरं ठरलं की नाही हे थोड्याच दिवसांत वेलीवर दिसतं. डिजिटल साधन समाजात रुजणार की नाही, हे माझ्या मते सर्वांत जास्त यावर ठरतं. किंमत, नेटवर्क, अक्षरओळख या अडचणी खऱ्याच आहेत. पण जे साधन वापरणाऱ्यालाच उत्तर देतं, त्याच्यासाठी माणसं या अडचणींतून वाट काढतात. जे फक्त माहिती मागतं, त्याचं ओझं होतं.

नवी गोष्ट समाजात कशी पसरते, याचा शास्त्रीय अभ्यासही शेतीतूनच पुढे आला. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या २५९ शेतकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विषय होता मक्याचं संकरित बियाणं. फायदा उघड होता, तरी ते जवळपास सगळ्यांच्या शेतात पोचायला दहा-बारा वर्षं लागली. बियाण्याची बातमी बऱ्याच जणांना विक्रेत्याकडून कळली, पण खात्री पटली ती शेजाऱ्यांमुळे. आणि ज्यांनी सर्वांत आधी घेतलं त्यांनीही सगळं रान एकदम पेरलं नाही, आधी एका तुकड्यावर करून पाहिलं. पुढे १९६२ मध्ये एव्हरेट रॉजर्स यांनी असे शेकडो अभ्यास एकत्र करून सांगितलं, की नवी वस्तू फायद्याची असणं पुरेसं नाही. ती आपल्या रीतीत बसावी लागते, समजायला सोपी असावी लागते, थोडी वापरून बघता यावी लागते आणि तिचा परिणाम इतरांच्या नजरेस पडावा लागतो.

नाशिकच्या बाजारपेठेत याचा पडताळा रोज मिळतो. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं. पण रविवार कारंजावर किंवा पंचवटीत गर्दीच्या वेळी भाजी तोलणाऱ्या मावशींना दर गिऱ्हाईकामागे ओल्या हातांनी फोन काढून पैसे आले का ते बघणं शक्य नव्हतं. गिऱ्हाईक स्वतःचा पडदा दाखवायचं आणि त्यावर विश्वास ठेवावा लागायचा. ही अडचण सोडवली ती बोलणाऱ्या डब्याने. त्याच्यात स्वतःचं सिमकार्ड असतं. व्यवहार पक्का झाल्याचा निरोप आला, की तो रक्कम मराठीत मोठ्याने सांगतो. वाचता न येणाऱ्या माणसालाही ते उत्तर पुरतं आणि शेजारच्या गाळ्यावरही ते ऐकू जातं. पसरण्याचं अर्धं काम तिथेच होतं. शेजारचा क्यूआर कोड फाटलेला, हळदीचे डाग पडलेला असला तरी चालतो, कारण त्यात मूळ माहितीच्या जोडीला गणिती पद्धतीने जादा माहिती गुंफलेली असते. प्रकारानुसार ७ ते ३० टक्के भाग खराब झाला तरी मूळ मजकूर परत उभा करता येतो. (फसवणुकीबद्दल एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा: पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला, म्हणजे पैसे गेले. तसं झालंच, तर लगेच १९३० हा क्रमांक फिरवायचा.)

उत्तर मिळालं म्हणजे सगळं मिळालं, असंही नाही. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये उत्तर केरळच्या मासेबाजारांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. मोबाईल आल्यावर मच्छीमार समुद्रातूनच चौकशी करून होडी कुठल्या किनाऱ्याला लावायची ते ठरवू लागले. गिऱ्हाईक नाही म्हणून फेकून द्यावी लागणारी मासळी जवळजवळ संपली, मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि मासळी सुमारे ४ टक्क्यांनी स्वस्तही झाली. आपल्याकडे कांद्याचा शेतकरी ट्रॅक्टर भरण्याआधी व्हॉट्सॲपवर लासलगाव, पिंपळगाव, विंचूर, उमराणे इथले भाव बघतो, तेही याच जातीचं शहाणपण. पण डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने निर्यातबंदी केली आणि सगळ्याच बाजार समित्यांत भाव एकदम कोसळले, तेव्हा कुठल्या बाजारात जावं या प्रश्नालाच अर्थ उरला नाही. ती बंदी मे २०२४ मध्ये उठली. भाव कळणं वेगळं आणि भावावर जोर चालणं वेगळं, हे तंत्रज्ञानाचे गोडवे गाताना आपण विसरतो.

आता शाळेकडे येतो, कारण खरी तळमळ तिथली आहे.

गेल्या दशकभरात लोकवर्गणीतून, शिक्षकांनी पदरचे पैसे घालून, कितीतरी जिल्हा परिषद शाळांनी प्रोजेक्टर, टॅब, मोठे पडदे आणले. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले आणि ते २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या डिजिटल अभ्याससाहित्याच्या मंचाशी जोडले गेले. हे कष्ट लहान नव्हेत. तरीही अनेक ठिकाणी टॅब कपाटात आहेत, आणि शिक्षकांच्या हातातला फोन शिकवण्यापेक्षा ‘आज सायंकाळपर्यंत लिंक भरा’ या निरोपांनीच जास्त वाजतो. पटसंख्या, आहार, गणवेश, प्रशिक्षण, फोटो, सगळं वर पाठवायचं. वरून परत काय येतं? आपल्या वर्गातल्या कोणत्या मुलाला वजाबाकी कुठे अडते, हे त्यातली एकही लिंक शिक्षकाला सांगत नाही. एवढी माहिती देऊनही शिक्षकाचे हात रिकामेच राहत असतील, तर त्याला तंत्रज्ञानाचा कंटाळा आल्याबद्दल दोष देणं अन्यायाचं आहे.

नुसतं यंत्र वाटून काय होतं, हे पेरू देशाने मोठी किंमत देऊन पाहिलं. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या मोहिमेचा तिथल्या ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांत रीतसर तुलनेने अभ्यास झाला. मुलांमागे संगणकांचं प्रमाण ०.१२ वरून १.१८ वर गेलं, आणि सुमारे सव्वा वर्षानंतरही गणित-भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. याच्या शेजारी दिल्लीतला अभ्यास ठेवून बघा. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये तो प्रसिद्ध केला. मुख्यतः सहावी ते नववीच्या ६१९ मुलांपैकी काहींना शाळेनंतर ‘माइंडस्पार्क’ हे सॉफ्टवेअर आणि छोट्या गटात शिकवणी मिळाली. साडेचार महिन्यांत त्यांची गणितातली प्रगती इतरांच्या दुप्पट होती, हिंदीत त्याहूनही थोडी जास्त. फरक कशाने पडला? सहावीतली ही मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, आणि एकाच वर्गातल्या मुलांमध्ये पाच-सहा इयत्तांचं अंतर होतं. सॉफ्टवेअर प्रत्येकाच्या चुकांवरून त्याची पातळी ओळखून तिथूनच सुरुवात करायचं. सहावीच्या मुलाला तिसरीची गणितं द्यायला ते लाजत नव्हतं.

घरातल्या फोनने हे काम आपोआप होईल, असं समजू नये. ग्रामीण भारताच्या ‘असर २०२४’ पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरणारी ५७ टक्के, आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के.

नाशिकच्या डोंगराळ भागात, सुरगाणा, पेठ, हरसूलकडे तर प्रश्न त्याच्याही आधी सुरू होतो. तिथे रेंज येणारा खडक किंवा उंचवटा गावातल्या पोरांना पाठ असतो. यामागचं भौतिकशास्त्र साधं आहे. मोबाईलच्या २३०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण १३ सेंटिमीटर असते आणि ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीची ४३ सेंटिमीटर. लांब लहर डोंगराच्या धारेवरून थोडी वळून पलीकडच्या दरीत उतरते, आखूड लहर धारेच्या सावलीत फारशी पोचत नाही. म्हणून सह्याद्रीच्या खोऱ्यांत नुसते टॉवर वाढवून भागत नाही, ते लहरींच्या कोणत्या पट्ट्यात बोलतात हे महत्त्वाचं ठरतं. तोवर एक उपाय हाताशी आहे. अभ्यासाचं साहित्य एका छोट्या संगणकात साठवून शाळेतच वाय-फाय द्यायचं, इंटरनेट लागतच नाही. पण त्या संगणकात भरायचं काय? पहिलीत येणारं मूल घरी कोकणा किंवा वारली बोलतं, आणि पडद्यावरची बाई पुस्तकी मराठीत झरझर बोलून जाते. शिक्षकाने त्याच गावच्या आजीच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेली गोष्ट तिथे कुठल्याही चकचकीत व्हिडिओपेक्षा जास्त कामाची.

दूर असलेल्या विद्यार्थ्याला उत्तर कसं मिळेल, हा विचार नाशिकला नवा नाही. गंगापूर धरणाजवळचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं, म्हणजे घरोघरी इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधीचं. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. तिथल्या छापील पुस्तकांत मध्येमध्ये स्वयं-अध्ययन प्रश्न असत आणि जवळच्या अभ्यासकेंद्रावर माणूस असे. थोडं वाचून स्वतःला तपासायचं, ही ती रचना. स्मृतीवरच्या संशोधनाने तिला भक्कम आधार दिला आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात एका गटाने चारही सत्रांत उतारा वाचला, दुसऱ्या गटाने एकदाच वाचून उरलेल्या तीन सत्रांत तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के, आणि आठवणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के मजकूर सांगता आला. नुसता व्हिडिओ बघून उठणारं मूल पहिल्या गटात मोडतं.

यासाठी प्रत्येक मुलाच्या हातात टॅब लागत नाही. ‘प्लिकर्स’सारख्या पद्धतीत मुलांकडे कागदावर छापलेलं एकेक चौकोनी कार्ड असतं, प्रत्येकाचं वेगळं. कार्डाच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. मूल आपल्या उत्तराची बाजू वर धरतं, शिक्षक आपला एकच फोन वर्गावरून फिरवतो आणि सगळ्यांची उत्तरं नावानिशी पडद्यावर येतात. खरं कसब प्रश्न रचण्यात आहे. ५२ मधून २७ गेले किती? पर्यायांत २५ हवेच, पण ३५ सुद्धा मुद्दाम ठेवायचे, कारण हातचा न घेता एककात सातातून दोन वजा करणारं मूल नेमकं ३५ वर पोचतं. ७९ निवडणाऱ्याने वजाबाकीऐवजी बेरीज केली आहे, त्याची अडचण निराळी. दोन मिनिटांत शिक्षकाला कळतं, की उद्या सगळ्या वर्गाला पुन्हा शिकवायचं नाही. फक्त ३५ वाल्या सहा-सात जणांना जवळ बसवायचं, दहा काड्यांचा एक गठ्ठा त्यांच्याच हाताने सोडायला लावायचा, आणि परवा तोच प्रश्न आकडे बदलून विचारायचा.