पामर-एपर्ड केबिन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नेब्रास्का राज्यात, बिॲट्रिस शहराजवळच्या होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानात जतन केलेले वसाहतकाराचे ओंडक्यांचे घर. जॉर्ज पामर या शेतकऱ्याने ते १८६७ मध्ये बांधले.

राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी स्वाक्षरी केलेल्या होमस्टेड कायद्यान्वये कुटुंबप्रमुखाला किंवा एकवीस वर्षांच्या व्यक्तीला १६० एकर सरकारी जमीन किरकोळ शुल्क भरून मागता येई; मात्र तेथे घर बांधून, पाच वर्षे राहून जमीन कसल्याखेरीज मालकीचा दस्त हाती पडत नसे. घर हा जमिनीवरील हक्काचा पुरावाच असल्याने ते हाताशी असेल त्या सामग्रीतून उभे केले जाई. झाडे विरळ असलेल्या पश्चिम नेब्रास्कात गवताच्या मुळांनी घट्ट धरलेली माती थराथरांनी कापून तिच्या भिंती रचत. पूर्वेकडे ओढ्यांच्या काठी लाकूड मिळे. पामरने तेथील निरनिराळ्या जातींचे टणक लाकूड वापरले.

मूळ घर १४ × १६ फुटांचे, म्हणजे अवघे २२४ चौरस फूट. एवढ्या जागेत पामर पती-पत्नी आपल्या दहा मुलांसह काही वर्षे राहिले, यावरून कायद्याने देऊ केलेल्या विस्तीर्ण शेताच्या तुलनेत घरातली अडचण किती असेल, याची कल्पना येते. पुढे मागील बाजूस १० × १२ फुटांची पडवी काढण्यात आली. नंतर हे घर एपर्ड कुटुंबाकडे आले व त्यांनी तेथे सुमारे ४० वर्षे संसार केला. घराच्या जोडनावाचा उगम यातच आहे.

हे घर मूळचे या जागेवरचे नाही. उद्यानाची भूमी डॅनिएल फ्रीमन याने कायदा अंमलात आला त्याच दिवशी, १ जानेवारी १८६३ रोजी मागितलेली होती. त्याचे स्वतःचे घर टिकले नाही, म्हणून सुमारे २२ किमी. अंतरावरून पामरचे घर १९५० मध्ये येथे आणले गेले. घर एकाचे आणि जमीन दुसऱ्याची, हे पाहणाऱ्याने ध्यानात ठेवलेले बरे. त्याहीपूर्वी हा प्रदेश ओटो-मिसुरिया या मूळनिवासी जमातीच्या लोकांचा होता. त्यांनी १८५४ च्या करारान्वये आपली बहुतेक भूमी सोडली व १८८१ च्या सुमारास उरलेल्यांना दक्षिणेस आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. उद्यानातील उंच गवताचे कुरणही नांगरटीत गेले होते. १९३९ पासून ते पुन्हा लावून वाढविण्यात आले आहे.